कानातला दाब नेमका कुणाचा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रयोगप्राण्यांच्या आंतरकर्णातील द्रवांचा दाब कसा टिकतो, तो मोजायचा कसा आणि मोजताना काय चुकते, याविषयी बरीच पत्रे आली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे देत आहोत. गळतीच्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्या अनेक शंकांचे मूळ तिथेच आहे.

प्रश्न : आंतरकर्णात दोन वेगळे द्रव असतात हे ठाऊक आहे. पण त्यांना दाब येतो कुठून? रक्ताला ढकलायला हृदय आहे, इथे ढकलणारे कोण?

कानात असा पंप नाही. आंतरकर्णाच्या शंखासारख्या वेटोळ्या नळीत, म्हणजे कॉक्लियात, तीन कप्पे असतात. बाहेरच्या कप्प्यांत, म्हणजे स्कॅला टिंपनी आणि स्कॅला व्हेस्टिब्युली यांत पेरिलिम्फ असते. त्यात सोडियम जास्त (लिटरमागे सुमारे 150 मिलिमोल) आणि पोटॅशियम कमी. मधल्या स्कॅला मीडियात एंडोलिम्फ असते. तिथे नेमके उलटे : पोटॅशियम 150 च्या आसपास, सोडियम एखादा मिलिमोल. शिवाय एंडोलिम्फचे विद्युत विभव पेरिलिम्फच्या तुलनेत 80 ते 90 मिलिव्होल्टने धन असते.

दाब येतो तो मुख्यतः मेंदूभोवतीच्या द्रवाकडून, म्हणजे सीएसएफकडून. स्कॅला टिंपनीच्या तळाशी, गोल खिडकीच्या (मध्यकर्णाकडच्या, पटलाने झाकलेल्या छिद्राच्या) अगदी शेजारी, एक बारीक हाडी नळी उघडते : कॉक्लियर अ‍ॅक्विडक्ट. तिचे दुसरे टोक कवटीच्या मागच्या भागात सीएसएफमध्ये असते. गिनीपिगमध्ये ही नळी मोकळी असते. प्रौढ माणसात ती अरुंद आणि तंतूंनी बरीचशी भरलेली असते. त्यामुळे भूल दिलेल्या गिनीपिगच्या पेरिलिम्फमध्ये जे काहीशे पास्कल मिळतात, म्हणजे दोन-चार सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब, तो बव्हंशी कवटीतला दाब असतो. हे एकदा नीट लक्षात घेतले की पुढची निम्मी कोडी आपोआप सुटतात.

प्रश्न : सर्वो-नल पद्धतीने गिनीपिगच्या स्कॅला टिंपनीतला दाब मोजतो. काचेची बारीक पिपेट आत गेल्यावर 250 पास्कल दिसतात, पंधरा मिनिटांत 70 वर उतरतात आणि मग शून्याजवळ रेंगाळतात. यंत्र बिघडले असेल का?

यंत्राचा संशय शेवटी घ्या. दाब असा हळूहळू उतरत असेल तर बहुतेक वेळा पिपेटच्या भोवतीने द्रव झिरपत असतो. गिनीपिगच्या कॉक्लियात पेरिलिम्फ जेमतेम नऊ मायक्रोलिटर आणि एंडोलिम्फ दोन मायक्रोलिटरहून कमी. एवढ्या लहान साठ्याला, सूक्ष्मदर्शकाखाली नुसती ओलसर कडा दिसावी इतकी गळतीही पुरते. कानातून जाणारा द्रव अ‍ॅक्विडक्टमधून येणारा सीएसएफ भरून काढत राहतो. म्हणजे गळती चालू असताना तुम्ही स्थिर दाब मोजत नसता, वाहत्या नळीतला उरलेला दाब मोजत असता.

उपाय छिद्र पाडण्याच्या आधी सुरू होतो. बुला (मध्यकर्णाभोवतीची हाडी पोकळी) उघडल्यावर कॉक्लियाच्या हाडावरचे श्लेष्मल आवरण खरवडून काढा आणि ती जागा पूर्ण कोरडी करा. कोरड्या हाडावर सायनोअ‍ॅक्रिलेटचा अगदी पातळ थर द्या. तो वाळल्यावर त्यावर दोन घटकांच्या सिलिकोनची छोटी वाटी बसवा. आता गोंद आणि हाड यांतून बारीक सुईने 30 ते 50 मायक्रॉनचे छिद्र पाडा, पिपेट लगेच आत घाला, वर आलेला थेंब शोषक कागदाच्या टोकाने टिपा आणि सायनोअ‍ॅक्रिलेटच्या थेंबाने फट बंद करा. गोंदाचा पहिला थर गाळला तर शेवटचा थेंब ओल्या हाडाला धरत नाही आणि द्रव त्याच्या खालून वाट काढतो. अनुभवी हातांचीही सर्वांत जास्त प्रयोग वाया घालवणारी चूक हीच आहे.

यानंतर शून्याचा प्रश्न. पाण्याचा एक मिलिमीटर म्हणजे 9.8 पास्कल. शून्य ठरवताना पिपेटचे टोक ज्या सलाइनमध्ये बुडवता त्याची पातळी कॉक्लियापेक्षा पाच मिलिमीटर वर-खाली असेल, तर 49 पास्कलची चूक तिथेच झाली. मोजायचे आहेत 200, म्हणजे चौथा हिस्सा चुकला. म्हणून शून्य कॉक्लियाच्याच उंचीवर, टोक पृष्ठभागाच्या किंचित खाली ठेवून घ्या आणि पिपेट बाहेर काढल्यावर पुन्हा तपासा. दोन शून्यांत 20 पास्कलहून जास्त फरक पडला तर ती नोंद बाजूला ठेवावी, असे आमचे मत आहे.

पिपेटचे टोक 2 ते 5 मायक्रॉनचे, तिरपे घासलेले, आत 1 ते 2 मोलर सोडियम क्लोराइड. या पद्धतीचे तत्त्व साधे आहे. टोकाच्या आत खारट द्रावण, बाहेर त्याहून कमी क्षारांचा द्रव. बाहेरचा द्रव आत शिरू लागला की टोकाचा विद्युत रोध वाढतो. यंत्र तो बदल पकडून तेवढाच उलटा दाब लावते आणि सीमारेषा जागच्या जागी थोपवून धरते. लावलेला उलटा दाब म्हणजेच आतला दाब. टोकावर रक्ताचा किंवा ऊतीचा कण अडकला तर रोध दुसऱ्याच कारणाने वाढतो आणि यंत्र भलताच, बहुधा जास्त दाब दाखवते. गेन फार ठेवला तर रेषा थरथरते, फार कमी ठेवला तर नाडीचे तरंगच दिसत नाहीत.

नोंद खरी आहे का, याच्या तीन परीक्षा आहेत. रेषेवर श्वासाच्या संथ लाटा आणि त्यांवर नाडीचे लहान तरंग दिसायला हवेत. मानेच्या शिरांवर किंवा पोटावर काही सेकंद हलका दाब दिला तर रेषा चढायला हवी आणि हात काढताच खाली यायला हवी. आणि दहा-वीस नॅनोलिटर द्रव झटकन आत सोडला तर दाब उडी मारून काही सेकंदांत आधीच्या पातळीला परतायला हवा. तिन्ही जमले नाहीत तर आकडा कितीही देखणा असो, तो वापरू नका.

प्राण्याची स्थितीही नोंदवत चला. भूल खोल झाली आणि श्वास मंदावला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, कवटीतला दाब वाढतो आणि त्याच्या मागोमाग कानातलाही. कृत्रिम श्वसन देऊन उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड 5 टक्क्यांच्या आसपास राखा. आयसोफ्लुरेन वापरत असाल तर नोंद चालू असताना मात्रा बदलू नका. गुदाशयाचे तापमान 38 अंश सेल्सिअस ठेवा, आणि एकदा ठरवलेली डोक्याची उंची शेवटपर्यंत हलवू नका.

प्रश्न : औषध कानात पोहोचले का ते पाहायला गोल खिडकीतून 10 मायक्रोलिटर पेरिलिम्फ काढले. औषध अपेक्षेपेक्षा खूपच कमी निघाले. ते कानात शिरतच नाही असे समजायचे का?

नाही. गिनीपिगच्या स्कॅला टिंपनीत मुळात पाच मायक्रोलिटरच्या आसपास द्रव असतो. तळाशी छिद्र पाडल्याबरोबर अ‍ॅक्विडक्टमधून सीएसएफ धावत येतो, आणि अ‍ॅक्विडक्टचे तोंड तुमच्या छिद्राच्या शेजारीच आहे. तुमच्या 10 मायक्रोलिटरमध्ये बराचसा सीएसएफच होता. बंद कॉक्लियात पेरिलिम्फ मिनिटाला एक-दोन नॅनोलिटर इतके मंद सरकते. छिद्र पडले की हाच वेग शेकडो पटींनी वाढतो.

नमुना शिखराकडून घ्या आणि एकाच नळीत न भरता एक-एक मायक्रोलिटरच्या ओळीने ठेवलेल्या केशनलिकांत गोळा करा. पहिल्या नळ्यांत शिखराजवळचा द्रव येतो, मग तळाकडचा, त्यानंतर सीएसएफ. नळीगणिक मात्रा कशी बदलते यावरून औषध कॉक्लियात कुठवर पसरले हेही कळते.

प्रश्न : हायड्रॉप्समध्ये, म्हणजे एंडोलिम्फचा कप्पा फुगण्याच्या विकारात, एंडोलिम्फचा दाब वाढून रायस्नरचे पटल (स्कॅला मीडिया आणि स्कॅला व्हेस्टिब्युली यांमधला पडदा) फुगते, असे पुस्तकांत असते. मग मोजताना दोन द्रवांत फरक का सापडत नाही?

पटल फुगलेले दिसते म्हणून आत दाब जास्त असणार, हा तर्क ताठ फुग्याला लागू होतो. रायस्नरचे पटल पेशींच्या दोन पातळ थरांचे, अतिशय लवचीक आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना दाबाचा फरक पडायला लागला की ते सरकून तो पुसून टाकते. निरोगी गिनीपिगमध्ये दोन्ही द्रवांचा दाब जवळजवळ सारखाच मिळतो. हायड्रॉप्स केलेल्या प्राण्यांत काहींना फरक सापडला, पण तोही एक मिलिमीटर पाऱ्याहून लहान.

फ्रेंच वैद्य प्रॉस्पर मेनिएर यांनी चक्कर, बहिरेपण आणि कानातला नाद यांचा संबंध आंतरकर्णाशी जोडला 1861 मध्ये. याच आजाराच्या मृत रुग्णांच्या कानांत एंडोलिम्फचा कप्पा ताणलेला आहे हे 1938 मध्ये इंग्लंडमध्ये हॉलपाइक आणि केर्न्स यांनी, आणि त्याच वर्षी जपानमध्ये यामाकावा यांनी दाखवले. किमुरा आणि शुकनेक्ट यांनी 1965 मध्ये गिनीपिगच्या एंडोलिम्फॅटिक पिशवीचा (एंडोलिम्फच्या कप्प्याला नलिकेने जोडलेल्या पिशवीचा) मार्ग बंद करून तसाच हायड्रॉप्स निर्माण केला. आजही ही शस्त्रक्रिया वापरली जाते : कवटीच्या मागून, ड्यूरा (मेंदूचे बाहेरचे आवरण) न फाडता पिशवीपर्यंत जायचे आणि नलिका मेणाने किंवा हाडाच्या भुकटीने बुजवायची. कप्पा दिवसांत फुगू लागतो, ऐकू येणे मात्र नंतरच्या आठवड्यांत घटते. आणि एक गोष्ट विसरू नका : या गिनीपिगना रुग्णांसारखे चकरेचे झटके येत नाहीत. हे प्रारूप द्रवाचे आकारमान वाढल्याचे आहे, संपूर्ण मेनिएर आजाराचे नव्हे.

आमच्या मते इथे शब्द नीट वापरायला हवेत. दाब सीएसएफकडून उसना मिळतो. एंडोलिम्फ कानाचे स्वतःचे आहे, आणि कान त्याचे आकारमान सांभाळतो ते आयनांची ने-आण करून. पाणी आयनांच्या मागे जाते. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा जनुक बदललेल्या उंदरांत आहे. पोटॅशियम स्रवणाऱ्या मार्गिकेचा केसीएनई-1 हा घटक काढून टाकला की रायस्नरचे पटल खाली कोसळते (1996). पेंड्रिन हे आयन वाहून नेणारे प्रथिन काढले की हाच कप्पा जन्माआधीच प्रचंड फुगतो (2001). कवटीतला दाब दोन्हीकडे कारण नाही.

प्रश्न : स्कॅला मीडियात कृत्रिम एंडोलिम्फ सोडून तीव्र हायड्रॉप्स करायचा आहे. वेग किती ठेवावा? आमच्या प्राण्यांची श्रवणपातळी लगेच बिघडते.

मिनिटाला 50 ते 100 नॅनोलिटर, दहा मिनिटे. एकूण अर्धा ते एक मायक्रोलिटर. हेसुद्धा थोडे नाही, मूळ कप्पाच दोनहून कमी मायक्रोलिटरचा आहे. द्रावण म्हणून पोटॅशियम क्लोराइड 140 आणि पोटॅशियम बायकार्बोनेट 25 मिलिमोल चालते.

श्रवणपातळी पहिल्याच मिनिटात ढासळत असेल तर दोष दाबाचा नसून पोटॅशियमचा असण्याची शक्यता मोठी. टोक स्कॅला मीडियाऐवजी पेरिलिम्फमध्ये असेल किंवा पटल फाटले असेल, तर 165 मिलिमोल पोटॅशियम थेट केसपेशींच्या तळाशी आणि चेतातंतूंवर येते, आणि ते निकामी होतात. म्हणून दुहेरी नळीची पिपेट घ्या : एकीतून द्रव सोडा, दुसरीने विभव पाहत राहा. +80 मिलिव्होल्ट दिसत नसेल तर पंप सुरूच करू नका. इंजेक्शन चालू असताना विभव एकाएकी कोसळले तर तो प्रयोग तिथेच थांबवा. चेतातंतूंचा एकत्रित प्रतिसादही दर मिनिटाला एका कमी आणि एका उच्च वारंवारतेला नोंदवा. नियंत्रण गटात पिपेट आत घालून तेवढाच वेळ काहीही न सोडता थांबायला हवे. हा गट नसलेले निष्कर्ष आम्ही तरी मान्य करणार नाही.

यंत्रणेतल्या चुका इथे फार महाग पडतात. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा असेल तर तो स्प्रिंगसारखा दबतो : पंप चालू करूनही द्रव उशिरा जातो आणि बंद केल्यावरही जात राहतो. मऊ प्लास्टिकच्या नळीचेही तेच, म्हणून काचेची सिरिंज आणि शक्य तितकी आखूड, ताठ नळी वापरा. उष्णताही विसरू नका. पाणी अंशामागे सुमारे दहा हजारांत तीन भाग प्रसरण पावते. सिरिंज आणि नळी मिळून 100 मायक्रोलिटर द्रव असेल आणि दिव्याने ते एक अंश तापले, तर 30 नॅनोलिटर आपोआप आत जातील, म्हणजे अर्ध्या मिनिटाचे इंजेक्शन. दिवा आधीच लावून ठेवा आणि तापमान स्थिर झाल्यावर पिपेट आत घाला.

पेरिलिम्फच्या कप्प्यात सोडायचे असेल तर एक उपयोगी हिशेब सांगतो. मिनिटाला एक मायक्रोलिटर म्हणजे सेकंदाला 16.7 नॅनोलिटर. समजा दाब 300 पास्कलने चढून तिथे स्थिरावला, तर बाहेर जाण्याच्या मार्गाचा रोध 300 भागिले 16.7, म्हणजे 18 पास्कल-सेकंद प्रति नॅनोलिटर. पंप बंद केल्यावर दाब किती सेकंदांत उतरतो हे मोजले की खिडक्यांची लवचीकताही काढता येते, कारण कालस्थिरांक हा रोध आणि लवचीकता यांचा गुणाकार असतो. मात्र हा रोध पक्का आकडा नाही. गोल खिडकीचे पटल आत-बाहेर सरकले की गिनीपिगच्या अ‍ॅक्विडक्टचा रोधही बदलतो, कारण खिडकीपासून नळीच्या तोंडापर्यंत तंतू ताणलेले आहेत. म्हणून बुला उघडी आहे की बंद, हे प्रत्येक नोंदीत लिहा.

प्रश्न : ग्लिसरॉल दिल्यावर आंतरकर्णाचा दाब उतरतो. म्हणजे एंडोलिम्फ कमी झाले असे म्हणता येईल का?

एवढ्यावरून नाही. ग्लिसरॉल किंवा मॅनिटॉल रक्ताची परासरण तीव्रता वाढवतात, मेंदूतून पाणी खेचतात आणि कवटीतला दाबही उतरवतात. कानातला दाब त्याच्यामागे आपसूक उतरतो. सिस्टर्ना मॅग्नात (कवटीच्या मागच्या भागातल्या सीएसएफच्या साठ्यात) दुसरी पिपेट ठेवून दोन्ही दाब एकाच वेळी नोंदवा, आणि एंडोलिम्फबद्दल बोलायचे असेल तर आकारमान स्वतंत्रपणे मोजा.

प्रश्न : छेदांमध्ये रायस्नरचे पटल फुगलेले दिसते, पण नियंत्रण गटातही काहींत दिसते. कशावर विश्वास ठेवावा?

नियंत्रण गटात दिसते आहे याचा अर्थ तुमची ऊतक-प्रक्रिया ते फुगवते आहे. सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे गोल खिडकीतून फिक्सेटिव्ह (ऊतक आहे तसे टिकवणारे द्रावण) सिरिंजने जोरात भरणे. त्या नाजूक पटलाला तेवढाही जोर सोसत नाही. हृदयातून परफ्यूजन करा, नंतर कानात भरायचेच असेल तर दोन्ही खिडक्या उघडून थेंबाथेंबाने. फिक्सेटिव्हची परासरण तीव्रता मोजून लिहून ठेवा. मृत्यू आणि फिक्सेशन यांत मिनिटेही जाऊ देऊ नका, कारण रक्तपुरवठा थांबला की विभव लगेच कोसळते आणि आयनांचा तोल जातो.

हाड मऊ करायला ईडीटीए वापरा. गिनीपिगला काही आठवडे लागतात, उंदराला काही दिवस. घाईसाठी तीव्र आम्ल वापरले तर पटले सुरकुततात. मोजताना छेद मोडिओलसच्या (कॉक्लियाच्या मधल्या हाडी खांबाच्या) मध्यातूनच घ्या, प्रत्येक वेढ्यात स्कॅला मीडियाचे क्षेत्रफळ स्कॅला मीडिया आणि स्कॅला व्हेस्टिब्युली यांच्या बेरजेने भागा, आणि मोजणाऱ्याला गट कळू देऊ नका. तिरपा छेद हायड्रॉप्सची हुबेहूब नक्कल करतो.

प्रश्न : गिनीपिगऐवजी उंदीर चालेल का?

प्रश्न जनुकांचा असेल तर उंदीरच हवा. थेट दाब मोजायचा असेल तर गिनीपिग किंवा जर्बिल बरे : बुला प्रशस्त आणि कॉक्लिया त्यात पुढे आलेले, हात पोहोचतो. उंदराच्या कानात द्रव इतका कमी की पिपेट घालणे हाच मोठा हस्तक्षेप ठरतो.

मात्र उंदराचे हाड इतके पातळ आहे की कॉक्लिया न उघडता ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफीने (प्रकाशाने आतल्या थरांचे चित्र घेणाऱ्या तंत्राने) रायस्नरचे पटल जिवंतपणी पाहता येते. स्फोटाच्या धक्क्यानंतर काही तासांतच एंडोलिम्फ वाढते हे 2018 मध्ये उंदरांत असेच दिसले. एकाच प्राण्याचे आधीचे आणि नंतरचे चित्र मिळत असल्याने प्राण्यांची संख्याही बरीच कमी होते. निव्वळ आकारमान पाहायचे असेल तर पिपेटकडे वळण्याआधी हा मार्ग तपासा.

प्रश्न : एंडोलिम्फॅटिक पिशवी ही दाब सोडणारी झडप आहे, असे ऐकले. हे सिद्ध झाले आहे का?

झेब्राफिशमध्ये याचा पुरावा भक्कम आहे. या माशाची पिल्ले पारदर्शक असतात, त्यामुळे पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात ती पुन्हा पुन्हा फुगते आणि झटक्यात रिकामी होते असे दिसले. तिच्या भिंतीतल्या पेशींना पातळ पापुद्रे असतात, ते एकमेकांवर चढलेले असतात. आतून ताण वाढला की पापुद्रे विलग होतात, द्रव बाहेर पडतो आणि फट पुन्हा मिटते.

सस्तन प्राण्यांत मात्र ही पिशवी हाडाच्या आड, ड्यूराला चिकटून असते. तिथे झडप उघडताना-मिटताना पाहायची तर हाड घासावे लागते, आणि हाड घासताना ड्यूराला धक्का लागला की सीएसएफचा दाब बदलतो. असा प्रयोग करणार असाल तर सिस्टर्ना मॅग्नातला दाब आणि स्कॅला मीडियाचे विभव या दोन्हींच्या नोंदी घासायला सुरुवात करण्याच्या निदान अर्धा तास आधीपासून चालू ठेवा. दोन्ही रेषा स्थिर राहिल्या तरच पिशवीच्या हालचालीला अर्थ लावता येईल.